एकोणीस अभिप्राय

"अक्षर तेवढं वेगवेगळं काढ," संग्राम म्हणाला आणि त्याने बेचाळीस कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. गठ्ठ्यावर रबर लावलेली सात-आठ पेनं होती. निळी, काळी, एक जेलचं, एक शेवटच्या घटका मोजणारं.

"सगळे मीच भरायचे?"

"दुसरं कोण हाय इथं? सगळी गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला गेल्यात. जगदाळे सरांना चारच्या आत पायजेत, परवा कॉलेज तपासायला समिती येतीय." मग वाकून हळूच म्हणाला, "आणि सगळीकडं पाचवर टिक करू नको. संशय येतो. मधनंमधनं चार टाक, एखादा तीन टाक."

संग्राम मोहिते आमच्या द्वितीय वर्ष बी.एस्सी.चा वर्गप्रतिनिधी. कॉलेज प्रत्यक्ष सुरू होऊन पाच महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत तो माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. खरं सांगायचं तर कुणीच बोललं नव्हतं. पहिलं वर्ष आख्खं लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गेलं होतं. ज्यांची शाळेपासून ओळख होती त्यांचे घोळके तयारच होते, कॉलेज उघडल्यावर ते मास्क लावून पुन्हा एकत्र बसले. मी लांबून येणारी. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने यायचं, संध्याकाळी पाच वीसच्या एस.टी.ने जायचं आणि मधला वेळ वाचनालयात काढायचा. जी मुलगी कायम वाचनालयात सापडते तिच्याकडे लोक दोनच कारणांनी येतात, नोट्स मागायला नाहीतर काम चिकटवायला. तरी मला त्या दिवशी बरं वाटलं, हे कबूल करते.

फॉर्म वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलबद्दल होता. वर नऊ प्रश्न, समोर एक ते पाच आकडे. नाव लिहायची जागा नव्हती, उलट 'नाव लिहू नये' असं ठळक छापलं होतं. तळाला चार रेघा सोडून दहावा प्रश्न होता: 'ऑनलाइन वर्गात आणि प्रत्यक्ष वर्गात शिक्षकांनी आपल्या कामावर दिलेल्या अभिप्रायाविषयी आपले मत लिहा.'

टिक मारणं अर्ध्या तासात उरकलं. अडलं ते दहाव्या प्रश्नापाशी.

सुरुवातीला मजा आली. मी एकेका चेहऱ्याची आठवण काढायची आणि तो काय लिहील ते ठरवायची. संग्रामच्या नावाने लिहिलं, 'दोन्ही छान.' तेजस्विनी यादव नेहमी पहिल्या बाकावर असायची, तिच्या नावाने लिहिलं, 'प्रत्यक्ष वर्गात शंका लगेच विचारता येतात.' मोबाईलवाल्या मुलांसाठी, 'ऑनलाइनला रेंज येत नव्हती.' एका फॉर्मवर मुद्दाम खाडाखोड केली, एकावर चहाचा डाग पाडला. मला या पोरांची नावं माहीत होती, बसायच्या जागा माहीत होत्या, कोण कुणावर रुसलंय तेही माहीत होतं. त्यांना माझं नाव माहीत असेल असं वाटत नव्हतं. पण त्या दुपारी मी सगळ्यांच्या तोंडून बोलत होते आणि वर्गात असल्यासारखं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

वीस-बावीस फॉर्मनंतर माझ्याजवळची मतं संपली. मग जे एकच मत खरोखर माझं होतं, ते बाहेर पडायला लागलं.

ते काय होतं हे सांगायचं तर एक वर्ष मागे जायला हवं.

आमच्या माणदेशात गावापासून दोन किलोमीटरवर सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे राखणदार. आई मी नववीत असताना गेली. रोपवाटिकेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. लॉकडाऊनच्या आधी निदान रोपं न्यायला माणसं यायची, नंतर तीही बंद झाली. आप्पा दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलायचे, त्यातली निम्मी रोपांशी.

कॉलेजने एक ॲप दिलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तारळेकर मॅडम होत्या. त्या पडद्यावर खोडाच्या छेदाचं चित्र दाखवायच्या, आपण ते वहीत काढून फोटो पाठवायचा. मी पहिली आकृती पुस्तकात बघून सुबक काढली आणि पाण्याच्या टाकीवर चढून, रेंज पकडून पाठवली. शनिवारी खालच्या चौकटीत उत्तर आलं.

'आकृती छान आहे, पण ही तू पाहिलेली नाहीस. तुझ्या आसपास काय उगवतं? ते काप आणि बघ. ब्लेड आणि बटाटा एवढं पुरे. देठ बटाट्यात खोचून पातळ चकती काढायची. पाहिले. सु. तारळेकर.'

मी वाचून चिडले. मग आप्पांचं दाढीचं नवं ब्लेड घेतलं, मक्याचं कोवळं खोड कापलं, चकती बशीतल्या पाण्यात सोडली आणि बी तपासायच्या भिंगातून पाहिली. आत ठिपकेच ठिपके विखुरले होते. दुसऱ्या दिवशी सूर्यफूल कापलं. त्याचे ठिपके गोलात बसलेले. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलंय, मीही ते पाठ केलं होतं. पण स्वतः बघितल्यावर मी आप्पांना हाका मारत सुटले.

तेव्हापासून दर शनिवारी मॅडमचं उत्तर यायचं. कधी आठ ओळी, कधी पंधरा. 'बटाट्याऐवजी पपईचा देठ घे, ब्लेड घसरत नाही.' 'सॅफ्रनीनचा रंग नाही म्हणून अडू नकोस, तेरड्याची फांदी लाल शाईत ठेव.' 'तुझं ब्लेड डावीकडे जातं, म्हणून चकती एका बाजूला जाड पडते.' एकदा विचारलं, 'मक्याच्या खोडात ठिपक्यांची दाटी कडेला जास्त आहे. का असेल?' मी ते आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "वारं कडंला झोंबतंय. बळ कडंलाच लागणार की." मी तेच उत्तर आप्पांच्या नावासकट पाठवलं. शनिवारी लिहून आलं, 'तुझ्या वडिलांचं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा सोपं आणि बरोबर आहे. त्यांना नमस्कार सांग. पाहिले. सु. तारळेकर.'

आप्पा त्या दिवशी दोनदा म्हणाले, "पुन्यांदा वाच."

मग दर शनिवारी संध्याकाळी मी टाकीवरून उतरले की आप्पा खालून विचारायचे, "आलं का पाहिले?"

असे तीस शनिवार. मला मैत्रीण नव्हती, आई नव्हती. पण कुणीतरी आठवडाभर मी काय कापलं, काय बघितलं हे नीट वाचत होतं. कॉलेज उघडायची वाट मी ज्या आतुरतेने पाहिली तशी नंतर कशाचीच पाहिली नाही. मॅडम दिसतील, मी नाव सांगेन, त्या म्हणतील, अगं तूच का ती. हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की त्यातले शब्दही ठरले होते.

पहिल्या दिवशी मॅडम अकरा दहाला धावतपळत आल्या. बारीक अंगाच्या, कपाळावर घाम, खांद्याला मोठी पिशवी. हजेरीत माझं नाव आलं, मी "हजर" म्हटलं आणि खाली बघत राहिले. पुढचं नाव आलं. बास. एवढंच झालं.

त्यानंतर दर बुधवारी तेच. वीस जणांची बॅच, दोन सूक्ष्मदर्शक, त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला. बेल व्हायला वीस मिनिटं उरली की मॅडम टेबलाशी बसायच्या आणि आम्ही वह्या घेऊन रांगेत उभं राहायचं. वही उघडायची, लाल पेनाने 'तपासले', सही. "पुढची." माझ्या वहीतल्या ज्या आकृतीसाठी मी अकरा चकत्या वाया घालवल्या होत्या, तिच्यावरही तेवढंच. बेल होताच मॅडम पिशवी उचलून निघून जायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "मागची, खिडकी लाव."

मी खिडकी लावली. आणि त्या दिवसापासून त्यांच्यावर राग धरला. प्रेम केलेल्या माणसावर धरतो तसला, कुणाला न सांगता येणारा राग.

तर वाचनालयात, तेविसाव्या फॉर्मवर, मी लिहिलं: 'ऑनलाइनला मॅडम प्रत्येक आकृतीखाली सविस्तर लिहीत. आता नुसतं तपासले लिहितात.' वाचून बघितलं. बरं वाटलं. पुढच्यावर काळ्या पेनाने, तिरकं अक्षर काढून: 'प्रत्यक्ष वर्गात मॅडम वहीकडे बघतही नाहीत. पुढची म्हणतात.' त्याच्या पुढच्यावर: 'ऑनलाइन अभिप्राय वाचून अभ्यास करावासा वाटे. आता वाटत नाही.' शब्द बदलत गेले, पेनं बदलत गेली, म्हणणं एकच. मी एकटीने कुणाकडे तक्रार केली नसती, तेवढी माझी छाती नव्हती. पण आता माझ्या बाजूने एकामागून एक माणसं उभी राहत होती. त्या दुपारी मला एकोणीस मैत्रिणी मिळाल्या.

शेवटचा, बेचाळिसावा फॉर्म माझा होता. त्यावर काय लिहावं सुचेना. माझं सगळं आधीच बोलून झालं होतं. मी लिहिलं, 'सर्व ठीक.'

पावणेचारला संग्राम आला, गठ्ठा चाळला. "लय भारी. बघितलं तरी कळत नाही." मग जाता जाता वळून म्हणाला, "नाव काय गं तुझं?"

"सारिका. सारिका लवटे."

"थँक्यू लवटे."

समिती आली, फुलांच्या रांगोळ्या झाल्या, समिती गेली. पंधरा दिवसांनी, एका बुधवारी, प्रॅक्टिकल संपून सगळे निघाले होते. स्लाइड धुवायची पाळी माझी होती. मी मोरीपाशी उभी होते. शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये जगदाळे सर आले, आमच्या विभागाचे प्रमुख. हातात फाइल. मॅडम पिशवी खांद्याला लावून उभ्याच होत्या. काच वरून उघडी, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बसा ना मॅडम."

"दीडची गाडी आहे सर. तीन वाजता तिकडच्या कॉलेजला तास आहे."

"पाच मिनिटं." फाइल उघडल्याचा आवाज. "विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचं काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. समितीने पहिलं हेच काढलं. बेचाळीसपैकी एकोणीस मुलं एकच तक्रार करतात. तुम्ही प्रत्यक्ष वर्गात त्यांच्या कामाकडे लक्ष देत नाही. जवळजवळ निम्मा वर्ग झाला हो."

"एकोणीस?"

"एकोणीस. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. जूनमध्ये पुन्हा नेमणूक करायची म्हणजे संस्था मला विचारणार. मी काय सांगू?"

माझ्या हातातली स्लाइड मोरीत पडून फुटली. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

"मला वाचायला मिळतील?" मॅडम म्हणाल्या.

"वाचा. फाइल इथंच राहू दे." सर गेले.

मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून फॉर्म वाचू लागल्या. एक वाचला, दुसरा वाचला. चौथ्या-पाचव्याला थांबल्या. मग दोन फॉर्म शेजारी धरून पाहिले, मग आणखी दोन. सूक्ष्मदर्शकात बघताना त्या एक डोळा बारीक करायच्या, तसा केला. आणि मग मान वर करून काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"लवटे," त्या म्हणाल्या. "आत ये."

माझं आडनाव त्यांच्या तोंडून हजेरीशिवाय पहिल्यांदाच आलं. मी ओल्या हातांनी आत गेले.

"तुझं ब्लेड डावीकडे जातं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "अक्षरही तसंच जातं. कितीही वेगळं काढलंस तरी ओळ संपताना डावीकडे कलतं. तीस शनिवार वाचलंय मी ते."

"तुम्ही ओळखता मला?"

"तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, मी आठवतच नाही तुम्हाला."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. घड्याळाकडे बघितलं, एक बत्तीस झाले होते. गाडी गेली होती.

"पहिल्या दिवशी हजेरीत तुझं नाव आलं तेव्हा मी मान वर केली. तू मास्क लावून खाली बघत होतीस. म्हटलं, तास झाल्यावर येईल. आली नाहीस. पुढच्या बुधवारी पण नाही. म्हटलं, नसेल बोलायचं पोरीला. मुलं समोर आली की बदलतात."

"मला वाटलं तुम्ही बोलवाल."

"हो," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं तू येशील."

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"पण ऑनलाइनला तुम्ही केवढं लिहायचात," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता. "आणि आता नुसतं तपासले. मी खोटं नाही लिहिलं मॅडम."

"नाही, खोटं नाही लिहिलंस." त्यांनी फॉर्म एकावर एक नीट लावले. "ऑनलाइनला किती मुलं आकृत्या पाठवायची, माहीत आहे तुला? पहिल्या आठवड्यात अकरा. मग चार. दिवाळीनंतर तू एकटी. बाकीच्यांनी पुस्तकाचे फोटो काढून टाकले, ते मी नुसते मोजायचे. मी तेव्हा मिरजेत एका खोलीत होते. खालचे लोक गावी गेलेले. तुझा फोटो शनिवारी सकाळी यायचा, मी शुक्रवारपासून वाट बघायचे. तुझे वडील मक्याबद्दल काय म्हणाले ते मी माझ्या भावाला फोन करून सांगितलं होतं." त्या थांबल्या. "ऑनलाइन चांगलं होतं असं नाही, लवटे. ऑनलाइनला कुणीच नव्हतं."

मी उभ्या उभ्या रडायला लागले. इतके दिवस मी त्या वर्षाकडे मला मिळालेलं बक्षीस म्हणून पाहत होते. दुसऱ्या टोकाला एक बाई आपल्यासारखीच खोलीत बसून एका फोटोची वाट बघते आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मला माफ करा मॅडम."

"माफीचं नंतर बघू. आधी ती फुटलेली काच उचल, कुणाच्या हाताला लागेल."

"मी जगदाळे सरांना सांगते. सगळे मीच भरलेत म्हणून सांगते."

"सांगून बघ," मॅडम म्हणाल्या.

मी तशीच गेले. सर खुर्चीत बसून डबा खात होते. मी एका दमात सांगितलं: फॉर्म संग्रामने दिले, बेचाळीसच्या बेचाळीस मी भरले, एकोणीस जणांचं म्हणणं नाही ते, माझं एकटीचं आहे.

सरांनी घास संपवला. "फॉर्मवर तुझं नाव आहे?"

"नाही सर."

"सही?"

"नाही."

"म्हणजे निनावी आहेत. मग निनावी फॉर्म तुझे कसे?"

"संग्रामला विचारा सर."

"संग्रामने वर्गात वाटले आणि वर्गाने भरले, असं त्याच्या सहीचं पत्र फाइलला लावलंय. समितीने ते पाहून शेरा मारलाय, विद्यार्थी मोकळेपणाने मत मांडतात." सरांनी डब्याचं झाकण लावलं. "तू म्हणतेस ते मी खरं धरलं, तर एकोणीस नाही, बेचाळीस खोटे ठरतात. मग प्रश्न एका मॅडमचा राहत नाही, सगळ्या कॉलेजचा होतो. तुला पदवी याच कॉलेजातून घ्यायची आहे ना?"

"मॅडमची चूक नाही सर."

"चूक कुणाचीच नाही, बाळा. पण आकडा आहे."

मी परत आले तेव्हा मॅडम माझी अर्धवट राहिलेली काचसामानाची ताटली पुसत होत्या.

"काय म्हणाले?"

"निनावी आहेत म्हणाले."

मॅडम हसल्या. कडवट नाही, खरंच हसू आलं त्यांना. मास्क हनुवटीवर होता. समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ज्या माणसाची मी वर्षभर वाट पाहिली होती, तिचा पूर्ण चेहरा मी त्या दिवशी, तिची नोकरी घालवल्यावर, पाहिला.

जूनमध्ये प्रॅक्टिकलला दुसरे सर आले. पुढे कॉलेजने ते ॲपही बंद केलं, त्यात माझे तीस शनिवार गेले. मॅडम कुठे गेल्या ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी आता जिल्ह्याच्या ठिकाणी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कुणी नवीन मुलगी कामाला आली की तिचं नाव मी आधी विचारते. तारळेकर हे आडनाव दिसलं की अजून थांबते.

पण एप्रिलमधला शेवटचा बुधवार सांगायचा राहिला. त्या दिवशी वह्या जमा करायच्या होत्या. मॅडमनी दीडची गाडी मुद्दाम सोडली. एकेकाला शेजारी स्टुलावर बसवून वही पाहिली. तेजस्विनीला पाच मिनिटं, संग्रामला दहा, त्याची तर अर्धी वही कोरी होती. मुलं कुजबुजत होती, आज काय झालंय यांना. माझी वही त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतली, पण मला बसायला सांगितलं नाही. पाठमोऱ्या होऊन काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि दिली.

"इथं उघडू नको. वडिलांसमोर वाच."

आप्पा पिशव्यांत माती भरत बसले होते. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं, फॉर्मचं, सरांचं, सगळं. मी वही उघडून त्यांच्यासमोर बसले.

"आलं का पाहिले?" आप्पांनी विचारलं. वर्षभराने.

मी वाचून दाखवलं. 'सूर्यफुलाचा छेद उत्तम. रंग नीट चढलाय. ब्लेड अजून डावीकडे जातं, मनगट सैल सोड. एक लक्षात ठेव. एकाच खोडाच्या एकोणीस चकत्या काढल्या, म्हणून एकोणीस झाडं बघितली असं होत नाही. शेजारच्या मुलीचं नाव विचारून घे. वडिलांना नमस्कार. पाहिले. सु. तारळेकर.'

आप्पांनी पिशवीतली माती अंगठ्याने दाबली, ती बाजूच्या रांगेत ठेवली. दुसरी पिशवी उघडली.

"मग झाडं किती हुती?" त्यांनी विचारलं.

"एकच होतं, आप्पा," मी म्हटलं.